ओव्हनमध्ये पाण्याशिवाय कडक अंडी: अनुभव, शंका आणि थोडा हिशेब

मंदाग्नी (धागाकर्ती)

मागच्या आठवड्यात मला एका वेळी ३० अंडी कडक करायची होती आणि घरातल्या मोठ्यात मोठ्या पातेल्यात ती जेमतेम १२ मावतात. तीनदा पाणी उकळत बसण्यापेक्षा मफिनच्या साच्यात अंडी ठेवून, पाण्याचा थेंबही न घालता ती ओव्हनमध्ये कडक करता येतात असे ऐकले होते, म्हणून तो प्रयोग करून पाहिला. दोन साच्यांत १२-१२ अंडी बसली आणि उरलेली ६ मी थेट जाळीवर ठेवली. बलक कच्चा राहील या भीतीने १८० अंशांवर ४० मिनिटे ठेवली, ही माझी पहिली चूक असावी.

बाहेर काढली तेव्हा बहुतेक अंड्यांच्या कवचावर तांबूस ठिपके पडले होते. जाळीवरच्या अंड्यांवर तर सळीची आडवी रेघ उमटली होती आणि सोलल्यावर त्याच जागी पांढऱ्या भागावरही बदामी, किंचित खोलगट असा चट्टा दिसला. पांढरे रबरासारखे चिवट झाले होते, बलकाभोवती हिरवट-राखाडी कडे होते आणि एक अंडे तडकून त्याचा पांढरा फेस साच्यात करपला होता. स्वयंपाकघरात गंधकाचा जो वास सुटला त्याचे वर्णन न केलेले बरे.

दोन दिवसांनी १६० अंशांवर ३० मिनिटे ठेवून पुन्हा एक साचा केला. या वेळी निकाल पुष्कळ बरा आला, पण सारखा आला नाही. दाराजवळच्या रांगेतली अंडी उत्तम झाली, मागच्या रांगेतली मात्र जास्त शिजली होती. सोलण्याच्या बाबतीत तर निम्मी अंडी अलगद सुटली आणि निम्म्यांचे पांढरे कवचाबरोबर ओरबाडून आले.

माझे प्रश्न असे आहेत: तापमान आणि वेळ यांचा योग्य मेळ कोणता, हे डाग टाळता येतात का, सोलण्याचा त्रास ओव्हनमुळे वाढतो की कमी होतो, आणि मुळात ही खटपट करण्यात अर्थ आहे का? ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पातेलेपंथी

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही. पातेल्यातले पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणजे पाणी हेच तापमानाचे नियंत्रक आहे आणि त्याला बटणही लागत नाही. ओव्हनमध्ये ही मर्यादा नसते. तिथे आपण १६० अंशांच्या कोरड्या हवेत एक अशी वस्तू ठेवतो, जिला आतून फक्त ७०-८० अंशांची गरज आहे, आणि मग घड्याळाकडे पाहत बसतो. पाण्यात अंडे दोन मिनिटे जास्त राहिले तरी फारसे बिघडत नाही. ओव्हनमध्ये मागच्या रांगेचे काय झाले ते आपणच लिहिले आहे.

रसायनवाली

मंदाग्नी, आपण केलेले वर्णन इतके नेटके आहे की त्यातल्या प्रत्येक बिघाडाचे कारण सांगता येईल. जरा लांबण लागेल, ती सोसावी.

अंड्याच्या पांढऱ्या भागात एकच प्रथिन नसते. त्यातले ओव्होट्रान्सफेरिन ६० अंशांच्या थोडे वर गेले की गोठू लागते आणि पांढरे दुधाळ दिसू लागते. पण प्रथिनांमध्ये निम्म्याहून अधिक वाटा असलेले ओव्हाल्ब्युमिन ८० अंशांच्या आसपास पोचल्याखेरीज घट्ट होत नाही. बलक मात्र ६५ अंशांना दाटू लागतो आणि ७० अंशांना बसतो. बलक मध्यभागी असल्यामुळे तिथवर ७० अंशांची ऊब पोचेपर्यंत बाहेरचे पांढरे बराच वेळ ८०-९० अंशांत काढते. कडक अंड्याची सगळी कसरत हीच आहे, मग ते कुठेही शिजवा. ओव्हनमध्ये फरक एवढाच की बाहेरच्या थरातले पाणी कवचाच्या छिद्रांतून उडत राहते, आणि तो थर एकदा कोरडा पडला की त्याचे तापमान शंभरी ओलांडू शकते. रबरासारखे पांढरे होते ते यामुळे.

तांबूस चट्टे धातूच्या स्पर्शाचे आहेत. हवेपेक्षा धातू कितीतरी वेगाने उष्णता देतो, त्यामुळे अंडे जिथे साच्याला किंवा सळीला टेकते तेवढी जागा भाजली जाते. पांढऱ्यात थोडी ग्लुकोज साखर असते आणि ते अल्कधर्मी असते. साखर आणि प्रथिने यांच्या संयोगातून पावाच्या कडेवर जो रंग येतो तोच रंग इथेही येतो. कवचावरचे वरवरचे ठिपके पुष्कळदा गार पाण्यात भिजवून चोळले की निघतात. पांढऱ्यावर उतरलेला चट्टा मात्र निघत नाही. तो खाण्यास अपायकारक नाही, फक्त दिसायला आणि चवीला थोडा वेगळा लागतो.

हिरवट कडे म्हणजे आयर्न सल्फाइड. पांढऱ्यातली गंधकयुक्त प्रथिने जास्त वेळ तापली की त्यांतून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, तो आत सरकतो आणि बलकाच्या पृष्ठभागावरच्या लोहाशी त्याचा संयोग होतो. तेही निरुपद्रवी आहे, पण अंडे गरजेपेक्षा जास्त शिजल्याची ती पावती आहे. १८० अंश आणि ४० मिनिटे हे ऐकल्यावर मला कड्याचे आश्चर्य वाटले नाही. वास सुटला तोही त्याच वायूचा.

पन्नासपानी

मी रोज पन्नासेक माणसांच्या न्याहारीचे काम पाहते, त्यामुळे माझा अनुभव मोठ्या संख्येचा आहे. १६० अंश आणि ३० मिनिटे हे सुरुवातीसाठी योग्य आहे, पण ते आपल्या ओव्हनचे अंतिम उत्तर नव्हे. ओव्हनच्या चकतीवर लिहिलेले १६० आणि आतले १६० यांत दहा-वीस अंशांचा फरक असणे ही रोजची गोष्ट आहे. आत ठेवायचा स्वतंत्र तापमापक मिळतो, तो एकदा ठेवून पाहिल्यावर माझ्या एका ओव्हनचा आकडा २० अंशांनी कमी दाखवला जात होता हे समजले. म्हणजे मी कित्येक महिने १८० अंशांवरच अंडी करत होते आणि दोष अंड्यांना देत होते.

दुसरी गोष्ट, पंखा चालू असलेल्या ओव्हनमध्ये तापमान १५ ते २० अंशांनी कमी ठेवावे, कारण फिरती हवा उष्णता लवकर पोचवते. पंखा असल्यास पुढच्या आणि मागच्या रांगेतला फरकही कमी होतो. पंखा नसेल तर निम्मा वेळ झाल्यावर ट्रे फिरवून मागची बाजू पुढे आणावी. दार उघडल्यामुळे उष्णता थोडी जाते, पण ते नुकसान असमान अंड्यांपेक्षा परवडते.

तिसरी गोष्ट जागेची. साचा मधल्या खणात ठेवावा. छोट्या ओटीजीमध्ये, म्हणजे ओट्यावर ठेवायच्या विजेच्या ओव्हनमध्ये, वरचा तापणारा रॉड अंड्यांपासून चार बोटांवर असतो आणि तो थेट किरणांनी कवच भाजतो, म्हणून वरचा रॉड बंद ठेवता येत असेल तर अवश्य ठेवावा.

एक युक्ती डागांसाठी. साच्याच्या प्रत्येक खळग्यात बेकिंगच्या कागदाचा लहान तुकडा चुरगळून ठेवला, तर अंडे धातूला थेट टेकत नाही आणि डाग बरेच कमी होतात. काही जण जाळीवर ओला सुती कपडा अंथरून त्यावर अंडी ठेवतात. त्यानेही डाग पडत नाहीत, पण कपड्याचे टोक रॉडजवळ लोंबकळत नाही ना हे पाहण्यासाठी कोणीतरी समोर उभे राहावे लागते, आणि उभेच राहायचे असेल तर मग पातेल्याने काय घोडे मारले आहे?

पातेलेपंथी

शेवटच्या वाक्यासाठी पन्नासपानी यांचे मनःपूर्वक आभार.

शब्दशः

एक भाषिक शंका आहे, विषय सोडून नाही. धाग्यात काही ठिकाणी ओव्हनमधल्या अंड्यांना ‘उकडलेली’ म्हटले जाईल, तर ते योग्य आहे का? उकडण्याला पाणी किंवा वाफ लागते. कोरड्या हवेत केले ते भाजणे झाले. धागाकर्तीने शीर्षकात ‘कडक’ हा शब्द वापरून ही अडचण हुशारीने टाळली आहे.

रसायनवाली

शब्दशः, आपली शंका रास्त आहे, पण उत्तर मधले आहे. अंड्याच्या खाण्याजोग्या भागात साधारण तीन चतुर्थांश पाणी असते. नुसते पांढरे घेतले तर ८८ टक्क्यांच्या आसपास. हे पाणी आतच असल्यामुळे आणि कवच बव्हंशी बंद असल्यामुळे आतला भाग स्वतःच्याच ओलाव्यात शिजतो. कवच हेच तिथे झाकण लावलेले भांडे आहे. म्हणून अंडे बाहेरून भाजले जाते आणि आतून उकडते, असे म्हणता येईल. मात्र हे भांडे गळके आहे, त्याला हजारो सूक्ष्म छिद्रे आहेत. आपल्याकडे स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर तीच अंडी ओव्हनमध्ये घालण्यापूर्वी आणि काढल्यावर तोलून पाहा, घट स्पष्ट दिसेल. सोलल्यावर बोथट टोकाकडची हवेची पोकळीही नेहमीपेक्षा मोठी दिसते आणि तिथे अंडे चपटे वाटते, तेही काही अंशी याच कारणाने.

नवशिकी

मी स्वयंपाकात अगदी नवीन आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास सांभाळून घ्यावे. ओव्हनमध्ये अर्धवट मऊ बलकाची अंडी करता येतील का? आणि माझ्याकडे ओव्हन नसून मायक्रोवेव्ह आहे, त्यात हे चालेल का?

पन्नासपानी

नवशिकी, मायक्रोवेव्हमध्ये कवचासकट अंडे कधीही ठेवू नका, हे आधी पक्के लक्षात ठेवा. मायक्रोवेव्ह लहरी आतल्या पाण्याला थेट तापवतात, त्यामुळे बलक पाहता पाहता शंभर अंशांच्या पलीकडे जातो, वाफेला वाट मिळत नाही आणि अंडे फुटते. आत फुटले तर निदान यंत्र घाण होते. पण पुष्कळदा ते बाहेर काढल्यावर, टोचल्यावर किंवा दाताखाली फुटते आणि तोंड भाजते. आधीच कडक केलेले अखंड अंडे त्यात पुन्हा गरम करणेसुद्धा याच कारणाने टाळावे. ज्या मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवा फिरवून शिजवण्याची, सोय आहे, त्यात फक्त कन्व्हेक्शन निवडले तर तो साधा ओव्हनच असतो, आणि मग वरचे सगळे नियम लागू होतात.

मऊ बलकाचे म्हणाल तर ओव्हनमध्ये तो नाद करू नये. उकळत्या पाण्यात सहा मिनिटे आणि आठ मिनिटे यांतला फरक नेमका सांगता येतो, कारण सगळ्या अंड्यांना चहूबाजूंनी सारखेच तापमान मिळते. ओव्हनमध्ये एकाच साच्यातल्या दोन अंड्यांत तेवढा फरक आपोआप पडतो. एक मऊ, एक कडक आणि एक मधलेच, अशी जत्रा भरते.

साशंक

तापमान, डाग, कडे हे सगळे समजले. मला फक्त सोलण्याविषयी विचारायचे आहे, कारण ‘ओव्हनमधली अंडी लोण्यासारखी सोलली जातात’ असे मी इतक्या ठिकाणी ऐकले आहे की त्यात काहीतरी तथ्य असावे असे वाटते. मात्र धागाकर्तीची निम्मी अंडी ओरबाडली गेली, याचा मेळ कसा लावायचा?

रसायनवाली

मेळ सोपा आहे: सोलणे सोपे जाईल की अवघड हे ओव्हनपेक्षा अंड्याच्या वयावर जास्त ठरते. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि त्याचा सामू, म्हणजे पीएच, ८ च्या जरा खाली असतो. दिवस जातात तसा हा वायू छिद्रांतून बाहेर पडतो आणि सामू ९ च्या वर चढतो. सामू कमी असताना पांढरे शिजताना आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटते, वाढल्यावर ते सहज सुटते. म्हणूनच आठ-दहा दिवस फ्रिजमध्ये राहिलेली अंडी सोलायला बरी पडतात. ज्यांना ओव्हनचा चमत्कार दिसला त्यांनी बहुधा जुनी अंडी वापरली असावीत, आणि श्रेय ओव्हनने लाटले.

दुसरा घटक सुरुवातीच्या उष्णतेचा आहे. अंडे उकळत्या पाण्यात किंवा वाफेत एकदम सोडले की बाहेरचे पांढरे झटकन गोठून आक्रसते आणि पापुद्र्याला चिकटायला त्याला वेळ मिळत नाही. गार पाण्यात ठेवून हळूहळू तापवले तर ते सावकाश चिकटते. ओव्हन याबाबतीत गार पाण्याच्याच पंक्तीत बसतो, कारण हवा उष्णता फार आस्ते देते. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटींहून अधिक आहे. तेव्हा शास्त्र पाहता ओव्हनमुळे सोलणे सोपे व्हायचे काही कारण नाही. बाहेरचा थर थोडा सुकून आक्रसत असल्यामुळे काही अंड्यांत त्याची भरपाई होत असेल, इतकेच म्हणता येईल.

साशंक

म्हणजे माझ्या शंकेला जागा होती. धन्यवाद.

टाचणी

बोथट टोकाला टाचणीने बारीक छिद्र पाडून अंडी ओव्हनमध्ये ठेवावीत, म्हणजे आतली हवा फुगून कवच तडकत नाही, असे मी करते. माझे एकही अंडे आजवर तडकलेले नाही.

पन्नासपानी

टाचणी, आपल्या पद्धतीला माझा विरोध नाही, पण ओव्हनमध्ये तिची गरज मला भासली नाही. उकळत्या पाण्यात गार अंडे टाकले तर पोकळीतली हवा एकदम फुगते आणि अंडी पातेल्याच्या तळावर आपटतातही, तिथे छिद्राचा उपयोग होऊ शकतो. ओव्हनमध्ये अंडे सावकाश तापते आणि जागचे हलत नाही, हवेला नैसर्गिक छिद्रांतून निघून जायला पुरेसा वेळ मिळतो. माझ्याकडे जी अंडी तडकतात त्यांना बहुतेक वेळा आधीचीच केसासारखी भेग असते. म्हणून ठेवण्यापूर्वी प्रत्येक अंडे उजेडात एकदा फिरवून पाहावे; भेग दिसली तर ते बाजूला काढावे.

गृहीतक

इथे अजून कोणी विजेचा हिशेब मांडलेला नाही, तो मांडतो. अंडे ५५ ग्रॅमचे धरले तर ३० अंडी म्हणजे १.६५ किलो. अंड्याची उष्माधारकता पाण्यापेक्षा थोडी कमी, एका ग्रॅमला एका अंशासाठी ३.३ ज्यूल धरू. २५ अंशांवरून ८५ अंशांवर न्यायला सुमारे ३२७ किलोज्यूल लागतात, म्हणजे विजेचे जेमतेम ०.०९ युनिट. अंड्यांची खरी भूक एवढीच आहे.

आता ओव्हन पाहू. तो १५०० वॉटचा असेल तर रिकामा तापायला १० मिनिटे पूर्ण क्षमतेने चालतो, तिथे पाव युनिट गेले. पुढची ३० मिनिटे त्याचा रॉड निम्मा वेळ चालू राहतो असे मानले तर आणखी पाऊण पाव, म्हणजे ०.३७ युनिट. एकूण ०.६ च्या पुढे. अंड्यांना गेले त्यातले सातव्या भागाइतके, उरलेले ओव्हनच्या भिंतींना आणि आपल्या स्वयंपाकघराला.

पातेल्यात २ लिटर पाणी उकळायला ६२७ किलोज्यूल, म्हणजे ०.१७ युनिट लागते. तेच पाणी तिन्ही घाण्यांना वापरले आणि भांड्याच्या कडेने जाणारी उष्णता धरली तरी ३० अंड्यांचा खर्च ओव्हनच्या आसपास किंवा थोडा कमी येईल. म्हणजे ३० अंड्यांना दोन्ही पद्धती जवळजवळ बरोबरीत आहेत. मात्र ४ अंड्यांना ओव्हन लावला तरी तो ते ०.६ युनिट खातोच, कारण त्याला अंड्यांची संख्या कळत नाही, आणि तिथे लहान पातेल्यात अर्ध्या लिटर पाण्यात काम होते. माझ्या मते ओव्हनची पद्धत निदान दीड-दोन डझनांपासून पुढे विचारात घ्यावी.

एक जोड: चाळणीच्या भांड्यात पेलाभर पाण्याच्या वाफेवर अंडी ठेवणे हा या सगळ्यात काटकसरीचा मार्ग आहे. वाफ अंड्यावर निवून पाणी होते तेव्हा एका ग्रॅममागे सुमारे २२५७ ज्यूल उष्णता सोडते, त्यामुळे थोडक्या पाण्यात अंडी झपाट्याने तापतात आणि रसायनवाली यांनी सांगितलेली गरम सुरुवातही मिळते.

पातेलेपंथी

‘पाऊण पाव’ म्हणजे ०.१९ होतात, ०.३७ नव्हे. गणित बरोबर आहे, शब्द चुकला. आपल्याला दीड पाव म्हणायचे असावे.

गृहीतक

मान्य आहे, दीड पाव. आकडा ०.३७ हाच धरावा.

उंचावरचा

पातेलेपंथी यांनी पाण्याच्या १०० अंशांची जी महती गायिली, ती समुद्रसपाटीला खरी आहे. मी बऱ्याच उंचीवर राहतो. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो, म्हणजे ३००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळते. बलक बसायला ७० अंश पुरतात, त्यामुळे अंडे होते, पण वेळ बराच लागतो आणि नवख्या माणसाचा अंदाज हटकून चुकतो. मीसुद्धा पहिल्या महिन्यात ‘दहा मिनिटे झाली’ म्हणून उघडलेल्या अंड्यांतून पातळ बलक ताटभर सांडला आहे. ओव्हनमधली १६० अंशांची हवा मात्र इथेही १६० अंशांचीच असते. कवचातून पाणी इथे थोडे लवकर उडते एवढे सोडले तर माझ्या कामात फरक पडत नाही. प्रेशर कुकर हा दुसरा उपाय आहे, पण त्यात अंडी तडकण्याचे प्रमाण मला जास्त आढळले.

पातेलेपंथी

या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. पातेल्याची हद्द मी समुद्रकिनाऱ्यापासून पहिल्या घाटापर्यंत आखून घेतो.

पन्नासपानी

गार करण्याबद्दल कोणी फारसे बोलले नाही, आणि निम्मी अंडी तिथेच बिघडतात. ओव्हनमधून काढलेले अंडे बाहेरून खूप तापलेले असते आणि ती उष्णता आत जात राहते. ३० मिनिटांनी काढून ओट्यावर ठेवले तर आत ते आणखी काही मिनिटे शिजतच असते. म्हणून बर्फाच्या पाण्याचे भांडे आधी तयार ठेवावे, अंडी काढल्यावर नव्हे. भरपूर अंडी असतील तर दोन मूठ बर्फाने काही होत नाही. पहिल्या डझनातच पाणी कोमट होते.

गृहीतक

त्याचाही आकडा देतो. ३० अंडी ८५ वरून २० अंशांवर आणायला साधारण ३५४ किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते आणि एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. म्हणजे ३० अंड्यांना किलोभर बर्फ लागेल. तेवढा नसेल तर नळाचे पाणी दोन-तीनदा बदलावे.

रसायनवाली

गार करण्याचा आणखी एक फायदा असा की बाहेरचा भाग लवकर निवला की हायड्रोजन सल्फाइडचा ओघ बलकाकडे न जाता बाहेरच्या बाजूला वळतो आणि हिरवे कडे कमी होते. मात्र पाणी स्वच्छ हवे. अंडे निवताना आत थोडी पोकळी निर्माण होते आणि छिद्रांतून पाणी आत ओढले जाऊ शकते. शिजलेल्या अंड्याच्या कवचावरचे नैसर्गिक संरक्षक आवरणही निघून गेलेले असते, म्हणून कडक अंडी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावीत आणि आठवड्याच्या आत संपवावीत. कच्चे अंडे फ्रिजमध्ये त्याहून बरेच टिकते, याचे अनेकांना नवल वाटते.

मंदाग्नी (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी तिसरा प्रयोग केला, त्याचा वृत्तांत देते.

आतला तापमापक ठेवून पाहिला तेव्हा चकतीवर १६० असताना आत १७२ दाखवत होता, आणि मागच्या कोपऱ्यात ठेवल्यावर १८० च्या जवळ गेला. मागच्या रांगेचे कोडे तिथेच सुटले. चकती १५० वर आणून आत १६० स्थिर होईपर्यंत थांबले. दहा दिवसांची अंडी घेतली, एकेक उजेडात फिरवून पाहिले आणि केसाइतक्या भेगेचे एक बाजूला काढले. प्रत्येक खळग्यात कागद चुरगळून ठेवला, वरचा रॉड बंद केला आणि १५ मिनिटांनी साचे फिरवले. एका घाण्यात २४ अंडी केली. जाळीवर या वेळी एकही ठेवले नाही.

२८ मिनिटांनी एक अंडे नमुन्यादाखल काढून कापले. बलक कडेने फिकट आणि मध्यभागी अजून गडद, ओलसर होता, म्हणून उरलेल्या २३ अंड्यांना आणखी ३ मिनिटे दिली आणि लगेच बर्फाच्या पाण्यात सोडली. पंधरा मिनिटांनी सोलायला घेतली. बोथट टोकाकडे ठोकून पोकळीवरचा पापुद्रा नखाने उचलला आणि पाण्याखाली धरून सोलत गेले, तर १९ अंडी अखंड सुटली. ठिपके दोन अंड्यांवर होते, त्यातला एक चोळून गेला. हिरवे कडे एकाही बलकाला नव्हते. पांढरे पातेल्यातल्या अंड्यांपेक्षा किंचित घट्ट आहे हे मात्र खरे, आणि मला ते काप करून ठेवायला बरे वाटले, कारण सुरीखाली चुरगळत नाही.

साशंक यांच्यासाठी मुद्दाम त्याच खोक्यातली ४ अंडी शेजारी लहान पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडून ११ मिनिटे ठेवली होती. ती चारही साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत सोलली गेली. नमुना फार लहान आहे, पण रसायनवाली यांचे म्हणणे मला पटले. यापुढे दोन डझनांच्या वरचे काम असेल आणि हात दुसऱ्या कामात अडकलेले असतील तेव्हाच ओव्हन लावीन.

पातेलेपंथी

चार अंड्यांसाठी आपण पातेले काढलेत, एवढ्यावर मी समाधानी आहे.

शब्दशः

एकच विचारायचे राहिले: बाजूला काढलेल्या त्या भेगेच्या अंड्याचे काय केले?

मंदाग्नी (धागाकर्ती)

भेग बारीक होती आणि ती सकाळी हाताळताना माझ्याच हातून पडली होती, म्हणून लगेच फोडून आमलेटमध्ये घातले आणि दोन्ही बाजूंनी चांगले शिजवले. तो सोलण्याचा एकमेव प्रकार आहे ज्यात मला आजवर अपयश आलेले नाही.